जगात वावरण्याचा हक्क : जेकोबस टेनब्रुक यांचे जीवन आणि कार्य

जेकोबस टेनब्रुक (1911–1968) हे अमेरिकेतील घटनातज्ज्ञ, प्राध्यापक आणि अंधांच्या चळवळीचे संघटक. अपंगांचा प्रश्न दानधर्माच्या खात्यातून काढून घटनेच्या खात्यात नेणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ते स्वतः पूर्ण अंध होते. गुलामगिरीविरोधी चळवळ, जपानी वंशाच्या अमेरिकनांची नजरबंदी, गरिबांना लागू होणारे कौटुंबिक कायदे, अंधांचा रस्त्याने चालण्याचा हक्क अशा वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेल्या विषयांवर त्यांनी लिहिले. या सगळ्यांच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न होता. कायद्याचे समान संरक्षण सर्वांना मिळेल असे घटना सांगते. मग त्या ‘सर्वां’तून कोणाकोणाला वगळले जाते, आणि कशाच्या आधारावर?

टेनब्रुक यांचा जन्म 6 जुलै 1911 रोजी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात झाला. वडील मूळचे डच. तिथल्या गवताळ माळावर त्यांची शेती होती. वयाच्या सातव्या वर्षी खेळताना सवंगड्याचा बाण लागून मुलाचा एक डोळा गेला. दुसऱ्याची दृष्टी हळूहळू मंदावत गेली आणि चौदाव्या वर्षापर्यंत संपूर्ण अंधत्व आले. मुलाच्या शिक्षणासाठी कुटुंबाने कॅलिफोर्निया गाठले, कारण बर्कली येथे अंधांसाठी सरकारी शाळा होती.

या शाळेत न्यूएल पेरी हे शिक्षक होते. टेनब्रुक यांच्या घडणीत त्यांचा वाटा इतका मोठा आहे की त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पेरी स्वतः अंध होते. 1901 मध्ये त्यांनी म्युनिक विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली, पण अमेरिकेत परतल्यावर एकाही विद्यापीठाने त्यांना अध्यापनाची कायम जागा दिली नाही. 1912 पासून 1947 पर्यंत ते बर्कलीच्या शाळेतच शिकवत राहिले. त्या काळी अंध मुलांना झाडू बांधणे, वेतकाम किंवा पियानोचे सूर जुळवणे शिकवून वाटेला लावण्याची रीत होती. पेरी आपल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात पाठवत. अंध विद्यार्थ्याला पुस्तके वाचून दाखवणाऱ्या वाचकाचे मानधन सरकारने द्यावे यासाठी त्यांनी विधिमंडळांचे उंबरठे झिजवले आणि तशी तरतूद करून घेतली. अंधांची अडचण डोळ्यांपेक्षा कायद्यात आणि लोकांच्या समजुतींत जास्त आहे, आणि ती दूर करायची तर अंधांनी स्वतः एकत्र येऊन सरकारशी बोलले पाहिजे, ही पेरींची धारणा. टेनब्रुक यांनी ती आयुष्यभर पुढे नेली.

कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी 1934 मध्ये इतिहासाची पदवी, 1935 मध्ये राज्यशास्त्रातील एम. ए., 1938 मध्ये कायद्याची पदवी आणि 1940 मध्ये कायद्यातील डॉक्टरेट मिळवली. 1937 मध्ये त्यांचा हेझल यांच्याशी विवाह झाला. वाचन, टिपणे, पत्रव्यवहार, संघटनेचे दैनंदिन काम या सगळ्यांत हेझल यांचा सहभाग अखेरपर्यंत राहिला. पुढे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात एक वर्ष संशोधन आणि शिकागो विद्यापीठात दोन वर्षे अध्यापन केल्यावर 1942 मध्ये टेनब्रुक बर्कलीला परतले. त्यांना जागा मिळाली ती वक्तृत्व विभागात, विधी शाखेत नव्हे. युक्तिवादाचे शास्त्र शिकवताना ते न्यायालयांचे निकालच वर्गात चिरफाडीला घेत आणि विद्यार्थ्यांना उलटसुलट प्रश्न विचारून घाम फोडत. 1953 मध्ये ते प्राध्यापक झाले, 1955 मध्ये विभागप्रमुख. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते राज्यशास्त्र विभागात होते.

दरम्यान 1940 च्या नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी या कोळशाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावी सात राज्यांतून आलेल्या सोळा जणांनी ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ ही संघटना स्थापन केली. अध्यक्षपद आले एकोणतीस वर्षांच्या टेनब्रुक यांच्याकडे. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था तोवर पुष्कळ होत्या. त्यांचा कारभार डोळस विश्वस्त, अधिकारी आणि समाजसेवक पाहत. ही संघटना अंधांनी स्वतः चालवायची होती.

संघटनेचे तातडीचे कारण पैशाचे होते. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरजू अंधांना मासिक मदत देण्याची योजना आणली. 1939 च्या दुरुस्तीने मात्र अट घातली की मदत ठरवताना अर्जदाराचे इतर सर्व उत्पन्न हिशेबात धरायचे. याचा प्रत्यक्षातला अर्थ फार कडवट होता. एखाद्या अंध माणसाने वर्तमानपत्रे विकून महिन्याला वीस डॉलर मिळवले की मदतीतून तेवढेच वीस डॉलर कापले जात. म्हणजे काम करणारा आणि न करणारा एकाच पातळीवर, उलट काम करणाऱ्याला जाण्यायेण्याचा खर्च अंगावर. शिवाय मदत खात्याकडून घरी येणारी कर्मचारी अर्जदाराचे खाणे, भाडे, कपडेलत्ते तपासून त्याची ‘गरज’ ठरवणार. टेनब्रुक यांचे म्हणणे असे की ही योजना माणसाला कायमचे परावलंबी ठेवण्यासाठीच आखल्यासारखी आहे. मदतीचा हेतू माणूस पायावर उभा राहावा हा असेल, तर कमाईचा काही भाग त्याच्याकडे राहिला पाहिजे. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 1950 च्या दुरुस्तीत अंधांची दरमहा 50 डॉलरपर्यंतची कमाई हिशेबातून वगळण्याची तरतूद झाली. रक्कम लहान होती. पण कमवण्याबद्दल शिक्षा होऊ नये हे तत्त्व कायद्यात आले.

‘संरक्षित कार्यशाळां’चा प्रश्न त्याला लागूनच होता. अंध कामगार तिथे झाडू आणि पुसणी बनवत. 1938 च्या किमान वेतन कायद्यानेच अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची मुभा ठेवलेली होती. कामगार म्हणावे तर पुरती मजुरी नाही, विद्यार्थी म्हणावे तर शिक्षण कधी संपत नाही, अशा या अवस्थेवर संघटनेने सतत टीका केली.

टेनब्रुक यांचे विद्वत्तेचे काम याच वर्षांत बहरले, आणि ते चळवळीपासून वेगळे काढता येत नाही. 1949 मध्ये तत्त्वज्ञ जोसेफ टसमन यांच्यासह त्यांनी ‘कायद्यांचे समान संरक्षण’ या विषयावर कॅलिफोर्निया लॉ रिव्ह्यूमध्ये लेख लिहिला. कायदा लोकांचे गट पाडल्याशिवाय चालूच शकत नाही. मग कोणता गट पाडणे न्याय्य, ही त्यातली विचारणा. त्यांनी सुचवलेली कसोटी सोपी आणि धारदार आहे. कायद्याचा हेतू काय ते आधी पाहायचे, आणि ज्या लोकांना त्या हेतूमुळे कायदा लागू व्हायला हवा त्यांच्याशी प्रत्यक्षात पाडलेला गट जुळवून पाहायचा. काही संबंधित लोक बाहेर राहिले तर वर्गीकरण अपुरे. असंबंधित लोक आत ओढले गेले तर ते अतिव्याप्त. दुसऱ्या महायुद्धात काही मोजक्या हेरांच्या भीतीने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या समस्त जपानी वंशीयांना कोंडणे हे अतिव्याप्तीचे ढळढळीत उदाहरण.

या लेखाचा भारताशी थेट संबंध आला. 1974 मध्ये ‘गुजरात राज्य विरुद्ध श्री अंबिका मिल्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे जुन्या मुंबई राज्याचा 1953 चा कामगार कल्याण निधी कायदा होता. काही आस्थापनांना तो लागू आणि काहींना नाही, हे घटनेच्या अनुच्छेद 14 मध्ये बसते का, असा वाद होता. न्या. के. के. मॅथ्यू यांनी निकालात अपुऱ्या आणि अतिव्याप्त वर्गीकरणाची चर्चा टसमन आणि टेनब्रुक यांच्या लेखाच्या आधारे केली आणि कायदा वैध ठरवला. भारतीय घटनेच्या अनुच्छेद 15 मध्ये भेदभावाची कारणे म्हणून धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांची नावे आहेत, अपंगत्वाचे नाही. त्यामुळे अपंगांच्या समानतेचा घटनात्मक युक्तिवाद इथेही मुख्यतः अनुच्छेद 14 वर उभा करावा लागतो. ज्या कसोटीने तो पारखला जातो ती घडवण्यात एका अंध प्राध्यापकाचा हात होता, ही गोष्ट आपल्याकडच्या वकिलांनाही फारशी ठाऊक नसते.

1951 मध्ये टेनब्रुक यांचे अमेरिकी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या गुलामगिरीविरोधी उगमांविषयीचे पुस्तक आले. त्या दुरुस्तीतले समान संरक्षणाचे कलम 1860 च्या दशकात एकाएकी अवतरले नाही. गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी आधीची तीन दशके सभांत, पत्रकांत आणि न्यायालयांत जो युक्तिवाद लढवला त्यातून ते आले, हे त्यांनी साधार दाखवले. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या ‘ब्राउन’ खटल्यात कृष्णवर्णीयांच्या बाजूच्या वकिलांनी या संशोधनाचा उपयोग केला. 1954 मध्ये एडवर्ड बार्नहार्ट आणि फ्लॉइड मॅटसन यांच्यासह लिहिलेले पूर्वग्रह, युद्ध आणि राज्यघटना यांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्यांतले जवळपास दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. या निर्णयाची आणि तो उचलून धरणाऱ्या न्यायालयाची त्यात कठोर तपासणी आहे. सरकारी धोरणांवर बोट ठेवणारा हा माणूस 1950 पासून 1963 पर्यंत कॅलिफोर्निया राज्याच्या समाजकल्याण मंडळाचा सदस्यही होता, अखेरची काही वर्षे अध्यक्ष.

मंडळावर मिळालेल्या अनुभवाचे फळ म्हणजे 1964–65 मध्ये स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये क्रमशः आलेला दीर्घ प्रबंध. कॅलिफोर्नियात कौटुंबिक कायदे दोन आहेत, एक सर्वसाधारण लोकांचा आणि दुसरा सरकारी मदतीवर जगणाऱ्यांचा, असे त्यात मांडले आहे. पहिला दिवाणी न्यायालयांनी घडवला, दुसऱ्याची मुळे इंग्लंडच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतील गरीब कायद्यांत आहेत, आणि त्याचे लक्ष कुटुंबापेक्षा सरकारी तिजोरीवर असते.

संघटनेच्या आघाडीवर 1950 चे दशक वादळी ठरले. अंध कर्मचाऱ्यांनी किंवा मदत घेणाऱ्यांनी फेडरेशनमध्ये सामील होऊ नये म्हणून काही संस्था दबाव आणतात, अशा तक्रारी वाढल्या. 1957 मध्ये सिनेटर जॉन केनेडी आणि प्रतिनिधी वॉल्टर बॅरिंग यांनी अंधांच्या संघटना करण्याच्या स्वातंत्र्याला संरक्षण देणारी आणि त्यांच्याशी सल्लामसलत करण्यास सरकारला सांगणारी विधेयके मांडली. ती मंजूर झाली नाहीत, पण त्यांवरच्या सुनावण्यांमुळे हा विषय प्रथमच राष्ट्रीय पातळीवर चर्चिला गेला. याच सुमारास फेडरेशनमध्ये फूट पडली. कारभार एका हाती एकवटला आहे हा विरोधकांचा आक्षेप होता, आणि एकवीस वर्षे एकच अध्यक्ष असलेल्या संघटनेत तो अगदी निराधार म्हणता येत नाही. 1961 मध्ये टेनब्रुक पायउतार झाले. बाहेर पडलेल्यांनी ‘अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड’ स्थापन केली. 1964 मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या अंधांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे टेनब्रुक पहिले अध्यक्ष झाले आणि 1966 मध्ये फेडरेशनच्या अध्यक्षपदी परतले.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे लेखन त्याच वर्षीचे. ‘जगात वावरण्याचा हक्क : अपकृत्य कायद्यातील अपंग व्यक्ती’ असा विषय असलेला हा लेख कॅलिफोर्निया लॉ रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला. अपकृत्याचा कायदा म्हणजे एकाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई ठरवणारा कायदा. हक्कांच्या चर्चेत त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. टेनब्रुक यांनी नेमका तोच निवडला, कारण पदपथ, जिने, फलाट, रस्त्यातले खड्डे यांचा संबंध येतो तो या कायद्याशी.

शासनाचे जाहीर धोरण अपंगांना समाजात सामावून घेण्याचे आहे : त्यांना शिकवायचे, प्रशिक्षण द्यायचे, नोकरीला लावायचे. त्यावर करदात्यांचा पैसाही खर्च होतो. मात्र तोच माणूस नोकरीवर जाताना उघड्या खड्ड्यात पडला, तर न्यायालय म्हणते, तू एकट्याने बाहेर पडायलाच नको होते. एका हाताने बाहेर बोलवायचे आणि दुसऱ्याने घरात ढकलायचे, ही विसंगती टेनब्रुक यांनी निकालामागून निकाल तपासून उघडी केली. लेखात इतर अपंगांपेक्षा अंध अधिक का दिसतात याचा खुलासाही त्यांनी तळटीपेत केला आहे. लेखक स्वतः अंध आहे हे त्यात सरळ सांगितले आहे.

पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1942 चा ‘स्मिथ विरुद्ध स्नेलर’ हा निकाल त्या विचारसरणीचा नमुना म्हणून पाहता येतो. दारोदार माल विकणारा, दृष्टी अतिशय अधू झालेला एक माणूस नळकारागिराने पदपथावर खोदलेल्या चरात पडला. चर असुरक्षित होता यात शंका नव्हती. तरी भरपाई नाकारली गेली, कारण त्या माणसाच्या हाती काठी नव्हती. त्याने स्वतःची पुरेशी काळजी घेतली नाही असे ठरले.

याउलट इंग्लंडमध्ये 1964 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘हेली विरुद्ध लंडन इलेक्ट्रिसिटी बोर्ड’ या खटल्यात वेगळी वाट घेतली. 1956 मधील एका सकाळी एक अंध गृहस्थ पांढरी काठी घेऊन नेहमीप्रमाणे कामावर निघाले होते. वीज मंडळाच्या कामगारांनी पदपथावर चर खणला होता आणि त्याच्या एका टोकाला माती ठोकण्याचा जड ठोकणा आडवा तिरपा ठेवला होता, एक टोक जमिनीवर आणि दुसरे वर रेलिंगला टेकलेले. डोळस माणसाला तो लांबून दिसला असता. काठीला मात्र तो लागला नाही. गृहस्थ त्यावर अडखळून पडले, डोक्याला मार बसला आणि ऐकू येणेही जवळजवळ बंद झाले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्यांचा दावा फेटाळला. लॉर्ड्सनी तो मान्य केला. पुराव्यात आले होते की सुमारे 500 लोकांमागे एक माणूस अंध आहे. शहरात अंध माणसे एकटी चालताना रोज दिसतात. मग पदपथ खोदणाऱ्याने त्यांचाही विचार करायला हवा, अशी त्यांची भूमिका होती.

टेनब्रुक यांच्या मते खरा प्रश्न इथेच होता. निष्काळजीपणा ठरवताना कायदा एका काल्पनिक ‘समंजस माणसा’ची कसोटी लावतो, आणि या माणसाचे डोळे, कान, पाय नेहमी धडधाकट असतात. रस्ता कोणासाठी बांधायचा हे ठरवताना अपंगांनाही जनतेत धरले, तर नगरपालिका, कंत्राटदार, घरमालक, वाहनचालक या सर्वांची जबाबदारी बदलते. अपंग माणूस रस्त्यावर असणे ही अपेक्षित गोष्ट ठरते, आणि त्याने केवळ बाहेर पडणे हा दोष राहत नाही. सावधगिरी त्यानेही बाळगायची. पण त्याने ती ज्या साधनांनी बाळगायची, काठी, श्वान की नुसती पावलांची सवय, हे त्याने ठरवायचे.

लेखाबरोबर त्यांनी एका आदर्श कायद्याचा मसुदाही मांडला. पांढऱ्या काठीविषयीचे जुने कायदे होतेच. इलिनॉयमधील पिओरिया शहराने 1930 मध्येच तसा नियम केला होता. या जुन्या कायद्यांचा भर काठी दिसताच वाहन थांबवण्यावर होता. टेनब्रुक यांच्या मसुद्यात रस्ते, सार्वजनिक इमारती, वाहने, हॉटेले यांच्या पूर्ण वापराचा अपंगांचा हक्क, मार्गदर्शक श्वान सोबत नेण्याचा हक्क आणि सरकारी नोकरीतील समान वागणूक हे सगळे आले. हाती काठी नसणे हा अंध पादचाऱ्याच्या निष्काळजीपणाचा पुरावा मानू नये, अशीही तरतूद त्यात होती. कॅलिफोर्नियाने 1968 मध्ये या धर्तीचा कायदा केला. इतर अनेक राज्यांनी थोड्याफार फरकाने तसेच केले. 15 ऑक्टोबर हा पांढरी काठी दिन 1964 मध्ये अमेरिकी संसदेच्या ठरावाने सुरू झाला होता. महाराष्ट्रातील अंधशाळा आणि संस्थाही तो दरवर्षी पाळतात.

27 मार्च 1968 रोजी कर्करोगाने टेनब्रुक यांचे निधन झाले. वय 56 होते. त्याच वर्षी सरकारी पैशाने बांधलेल्या इमारती अपंगांना वापरता याव्यात असा केंद्रीय कायदा अमेरिकेत झाला. 1973 च्या पुनर्वसन कायद्यातील कलम 504 आणि 1990 चा अपंगांविषयीचा सर्वंकष कायदा हे त्यापुढचे टप्पे. बाल्टिमोर येथे फेडरेशन त्यांच्या नावाने ग्रंथालय चालवते आणि 2008 पासून अपंगत्वविषयक कायद्याचे वार्षिक चर्चासत्र भरवते. त्यांच्या मांडणीला मर्यादाही आहे. तिचा सारा भर कमावू शकणाऱ्या, एकट्याने फिरू शकणाऱ्या माणसावर आहे; ज्यांना चोवीस तास दुसऱ्याच्या मदतीची गरज लागते त्यांच्यासाठी तिच्यात फारसे काही सापडत नाही. शिवाय प्रवेश आणि नोकरीबाबत कायदे झाले तरी भरपाईच्या दाव्यांतील ‘समंजस माणूस’ फार सावकाश बदलला.

भारतातही अंधांनी स्वतः चालवलेला राष्ट्रीय महासंघ 1970 मध्ये स्थापन झाला. अपंगांविषयीच्या 1995 च्या कायद्यातील नोकऱ्यांतले तीन टक्के आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त पदांवर मोजावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा 8 ऑक्टोबर 2013 चा निकाल याच महासंघाने मिळवला. त्याची बाजू मांडणारे ज्येष्ठ वकील एस. के. रुंगटा स्वतः अंध आहेत. त्याची जागा घेणाऱ्या 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि आरक्षण चार टक्क्यांवर नेले. पदपथाचा प्रश्नही न्यायालयात पोचला. मुंबईत पदपथांच्या तोंडाशी वाहने अडवण्यासाठी खांब बसवले गेले, आणि त्यांमधून चाकाची खुर्ची जाईना. खुर्ची वापरणाऱ्या एका नागरिकाने ई-मेलने तक्रार केली. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची दखल घेऊन स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि 2016 च्या कायद्याच्या आधारे महापालिकेकडे जाब मागितला.